‘पॅकिंग’ म्हणजे नक्की काय? स्पेअर पार्टच्या गोदामात सॉफ्टवेअर बसवणाऱ्या नवख्यांसाठी

सोलापुरात ट्रॅक्टरचं सामान विकणाऱ्या एखाद्या गोदामात जा आणि काउंटरवर ‘पॅकिंग द्या’ म्हणा. समोरचा माणूस गॅसकेट, म्हणजे यंत्राच्या सांध्यात बसवायची पट्टी किंवा चकती, काढून देईल. तोच शब्द मागं माल भरणाऱ्या पोरांना सांगा, ती खोका आणि चिकटपट्टी घेऊन येतील. ऑफिसात सांगितलात तर पॅकिंग लिस्टचा कागद हातात पडेल. तिघांचंही बरोबर आहे. इतकी वर्षं काम अडलं नाही, कारण कोण कुठं उभा राहून बोलतोय हे ऐकणाऱ्याला दिसत होतं. सॉफ्टवेअरला ते दिसत नाही.

अशा गोदामात ‘सिस्टिम’चं काम नव्यानं अंगावर आलेल्यांसाठी हे लिहितोय. कुणी चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला लागलेला पदवीधर असेल, कुणी अक्कलकोट रोडवरच्या घरच्या धंद्यात नुकतीच बसू लागलेली मुलगी असेल. धंद्याचं चित्र साधारण सारखंच असतं. माल लुधियाना, राजकोट, कोल्हापूरकडून येतो, थोडी बेरिंगं आणि सील परदेशातून येतात, आणि भरलेल्या पेट्या नैरोबी, दुबई, कोलंबोकडं निघतात. मधे आपण. आपलं काम काय, तर कुठला पार्ट किती आहे, कुठं ठेवलाय, किती वाटेवर आहे, किती कुणाला कबूल केलाय आणि त्याच्यासोबत कुठला कागद जायचा, हे पाच प्रश्न कुणीही कधीही विचारले तरी एकच उत्तर यावं. सप्लाय चेन सॉफ्टवेअर म्हणून जे काही विकलं जातं, त्याचा गाभा एवढाच.

पहिले आठ दिवस कॉम्प्युटर लावू नका

खरंच सांगतोय. मालकाला घाई असेल, विक्रेत्यानं लॉगिन दिलं असेल, तरी आठ दिवस गोदामात स्टूल टाकून बसा.

मी पहिल्या दिवशी यादी हातात घेऊन एक ऑइल सील शोधत होतो. वीस मिनिटं गेली. गोदाम सांभाळणारे अण्णा लांबून बघत होते. शेवटी म्हणाले, “काय शोधूलालास बे?” मी नंबर वाचून दाखवला. त्यांना नंबराशी घेणं-देणं नव्हतं. “कशात बसतंय ते सांग की.” मी सांगितलं, आणि अर्ध्या मिनिटात सील माझ्या हातात.

अण्णा हाताखालच्या पोराशी तेलुगू बोलायचे, विजापूरकडून गाडी घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरशी कन्नड, लुधियानाच्या व्यापाऱ्याशी फोनवर हिंदी आणि माझ्याशी मराठी. एकाच पार्टला चार भाषांत चार नावं, शिवाय मेकॅनिक लोकांची पाचवी. ओ-रिंगही ‘रबर’ आणि ऑइल सीलही ‘रबर’. वॉशरला ‘वायसर’. सॉफ्टवेअरमध्ये नावासाठी मात्र एकच रकाना.

म्हणून आठ दिवसांत एकच काम करा. वही घ्या, आणि माल मागताना लोक जे शब्द वापरतात ते जसेच्या तसे लिहून ठेवा. सुधारू नका. पुढं हेच शब्द ‘पर्यायी नाव’ म्हणून प्रत्येक पार्टला जोडायचे आहेत. बहुतेक सॉफ्टवेअरात तशी सोय असते, नसेल तर शोधण्याच्या रकान्यात स्वल्पविराम देऊन घुसवता येतात. ‘वायसर’ टाकल्यावर वॉशर सापडला, तर गोदामातली माणसं सॉफ्टवेअर वापरतील. नाही सापडला, तर पहिल्यासारखं ‘अण्णा, कुठं आहे ओ?’ चालू राहील.

पार्ट नंबर: इथंच सगळं मरतं किंवा तरतं

या भागाला मी सगळ्यात जास्त जागा देणार आहे, कारण माझी सगळ्यात महागाची चूक इथली आहे.

एका पार्टला कमीत कमी चार नंबर असतात. मूळ यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा, आपल्याला माल देणाऱ्या पुरवठादाराचा, बाहेरदेशी बसलेल्या ग्राहकाच्या यादीतला, आणि आपला स्वतःचा. नवखा माणूस म्हणतो, मूळ कंपनीचाच नंबर आपला म्हणून वापरू, भानगड नको. तसं करू नका. कंपनी नंबर बदलते. त्या दिवशी तुमच्या जुन्या बिलांचा आणि नव्या साठ्याचा संबंध तुटतो. आपला नंबर आपला असावा आणि बाकीचे तीन त्याला बांधलेले असावेत.

आपला नंबर कसा असावा, यावर वाद आहेत. जुन्या लोकांना ‘बोलका’ नंबर आवडतो: पहिली दोन अक्षरं गटाची, पुढची दोन मेकची (म्हणजे यंत्र कुठल्या कंपनीचं), मग आकार. दिसायला छान. पण दोन वर्षांत एखादा पार्ट दोन मेकमध्ये बसतो असं कळतं आणि सगळी रचना कोलमडते. माझं मत स्पष्ट आहे: साधा सहा आकडी, ओळीनं वाढत जाणारा, काहीही न सांगणारा नंबर. माहिती ठेवायला बाकीचे रकाने आहेत.

आता माझी चूक. पुरवठादारांच्या याद्या एकत्र करताना मला नंबर ‘स्वच्छ’ करायचे होते. कुणी मधे रेघ टाकतं, कुणी जागा सोडतं, कुणी शून्याच्या जागी ‘ओ’ अक्षर दाबतं. ते सारखं करणं बरोबरच. पण त्या भरात मी बेरिंगांच्या नंबरामागची शेपटंही कापली. ६२०५ म्हणजे ६२०५, असं वाटलं.

६२०५ हे बेरिंग आतून २५ मिलिमीटर, बाहेरून ५२ आणि जाडीला १५. शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणलं की आतला व्यास निघतो, हे मला माहीत होतं आणि त्याचा अभिमानही होता. पण त्यामागं ‘झेडझेड’ असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं असतात, ‘२आरएस’ असेल तर रबरी सील, आणि ‘सी३’ असेल तर आतली फट नेहमीपेक्षा जास्त, गरम चालणाऱ्या यंत्रासाठी. मी तिघांना एका नंबराखाली कोंबलं. मोम्बासाच्या ग्राहकानं धुळीत चालणाऱ्या यंत्रासाठी रबरी सीलवालं मागितलं होतं, आम्ही पत्र्याच्या झाकणाचं पाठवलं. बदली माल विमानानं पाठवावा लागला आणि विमानाचं भाडं बेरिंगांच्या किमतीच्या वर गेलं. कप्प्यात तिन्ही प्रकार नीट वेगळे ठेवलेले होते. अण्णांना फरक माहीत होता. मी तो यादीतून पुसला होता.

तेव्हा नियम असा: रेघ, जागा, ठिपका काढा, पण एकही अक्षर किंवा आकडा काढायचा नाही, जोवर तो पार्ट ओळखणाऱ्या माणसानं ‘याचा काही अर्थ नाही’ असं सांगितलं नाही.

दुसरा शत्रू एक्सेल. साध्या मजकुराच्या (सीएसव्ही) याद्या आपण एक्सेलमध्ये उघडतो, आणि एक्सेल तुमच्यापेक्षा स्वतःला शहाणं समजतं. नंबराच्या सुरुवातीची शून्यं खाऊन टाकतं. ०६-१२ लिहिलं तर त्याची तारीख करतं. मधे ‘ई’ अक्षर असलेला नंबर, समजा १२ई०५, त्याला ते बारा लाख समजतं. पंधरा आकड्यांच्या पुढचे आकडे शून्य करून टाकतं. आणि हे सगळं गुपचूप, फाइल उघडल्याबरोबर. उपाय सोपा आहे: यादी डबल क्लिक करून उघडू नका. आधी कोरी फाइल घ्या, डेटा आयात करायच्या पर्यायातून यादी आत ओढा आणि नंबराचा रकाना ‘टेक्स्ट’ आहे असं त्याच वेळी सांगा. आणि मूळ फाइलची एक प्रत हात न लावता बाजूला ठेवा. ती लागते.

वर्णन लिहितानाही एक पथ्य पाळा. दुसऱ्या उत्पादकाचा पार्ट असेल, तर तो अमुक कंपनी‘चा’ नाही, अमुक कंपनीच्या यंत्राला ‘चालणारा’ आहे. निर्यातीच्या बिलात हा एक शब्द चुकला, तर ट्रेडमार्कच्या कारणावरून पेटी कस्टम्समध्ये अडकू शकते.

जुना गेला, नवा आला

कंपनीनं नंबर बदलला की जुन्याच्या जागी नवा येतो. याला धंद्यात सुपरसेशन म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये ही साखळी भरताना दिशा नीट बघा. नवा पार्ट जुन्या यंत्रात बसतो म्हणजे जुना पार्ट नव्या यंत्रात बसेलच असं नाही. काही साखळ्या दुतर्फा असतात, बऱ्याच एकेरी. काही ठिकाणी तर एका जुन्या पार्टऐवजी दोन नवे घ्यावे लागतात, म्हणजे पंप आणि सोबत त्याचा वेगळा ब्रॅकेट. दिशेचा रकाना नसलेलं सॉफ्टवेअर स्पेअर पार्टसाठी बनलेलं नाही असं समजा. किराणा दुकानाला ते चालेल.

नग, जोड, सेट

थोडक्यात सांगतो, पण हसण्यावारी नेऊ नका. पिस्टन रिंगचा ‘सेट’ म्हणजे एका सिलिंडरचा की अख्ख्या इंजिनाचा? तीन सिलिंडरचं इंजिन असेल तर हा तिपटीचा फरक आहे. पुरवठादार एका अर्थानं विकतो, ग्राहक दुसऱ्या अर्थानं मागतो. बोल्ट किलोवर येतात आणि नगावर जातात. बुश जोडीनं येतात. पट्टे नगावर, पॅकिंग (गॅसकेटवालं) सेटमध्ये.

साठा नेहमी सगळ्यात लहान एककात ठेवा. खरेदीचं आणि विक्रीचं एकक वेगळं असू द्या, आणि त्यांचा गुणक प्रत्येक पार्टला स्वतंत्र भरा. सॉफ्टवेअरवाला ‘सेट म्हणजे ४ नग’ असं एकदाच सगळ्यांसाठी लावायला सांगेल. नाही म्हणा.

पार्टला पत्ता द्या

घरांना पत्ता असतो तसा कप्प्यांना असायला हवा. ब-०४-३-०२ म्हणजे ब ओळ, चौथा रॅक, तिसरा कप्पा, दुसरा डबा. कप्प्यांचे आकडे खालून वर घाला. उद्या रॅकवर एक मजला चढवला तर जुने आकडे बदलावे लागत नाहीत. जड माल खाली, रोज लागणारा कमरेच्या उंचीला, वर्षातून एकदा निघणारा वर. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण मी फ्लायव्हील वरच्या कप्प्यात ठेवलेली पाहिली आहेत.

सोलापूरचा उन्हाळा यात धरायलाच हवा. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशीच्या वर पारा असतो, पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. रबराच्या वस्तू, म्हणजे सील, पट्टे, होज, अशा जागी वाळतात आणि चिरतात. त्यांना पत्र्यापासून लांब, उन्हाची तिरीप न येणारी, भिंतीकडची खालची जागा द्या, आणि सॉफ्टवेअरमध्ये या गटाला आवक तारीख सक्तीची करा. जो आधी आला तो आधी जाईल, हे सांगून होत नाही. स्कॅनरनं जुन्या लॉटचाच कप्पा दाखवला तरच होतं.

बारकोडच्या लेबलांनाही हाच उन्हाळा नडतो. साध्या थर्मल कागदावर, बसच्या तिकिटासारख्या, छापलेलं लेबल उष्णतेनं काळवंडतं किंवा फिकं पडतं. रिबन लावून छापणारा प्रिंटर घ्या. तेलकट हातांचा धंदा असल्यानं रेझिनची रिबन घेतलेली बरी. थोडी महाग पडते, पण लेबल पुसलं जात नाही. बारकोड कोड-१२८ असो की क्यूआर, आत फक्त आपला सहा आकडी नंबर असू द्या. किंमत, नाव, पत्ता त्यात भरू नका. ते बदलतं आणि मग लेबलं बदलत बसावी लागतात.

सॉफ्टवेअर कुठलं?

हा प्रश्न सगळे पहिला विचारतात. मी मुद्दाम इतक्या खाली ठेवलाय.

हिशेबासाठी टॅली जवळपास सगळीकडं आधीच असतं, आणि अकाउंटंट ते सोडणार नाही. त्याच्याशी भांडू नका. टॅलीत गोदाम, बॅच आणि किमान साठ्याची सोय आहे. एकाच गोदामाचा, हजार-दोन हजार पार्टांचा धंदा असेल तर सुरुवात त्यावरही होते. सुपरसेशन, अनेक नंबर, कप्प्यांचे पत्ते आणि स्कॅनर लागू लागले की मोठं काहीतरी घ्यावं लागतं. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रापे कंपनीनं बनवलेलं आणि मुक्त स्रोत आहे. ओडू बेल्जियमचं आहे, त्याची मोफत आणि पैशाची अशी दोन्ही रूपं आहेत. एसएपी बिझनेस वन लहान-मध्यम कंपन्यांसाठी आहे आणि त्याचा खर्चही त्या मानानं. ‘मोफत’ शब्दावर भाळू नका. बसवणाऱ्याची मजुरी, सर्व्हर आणि तुमचे सहा महिने हा खरा खर्च.

विक्रेता डेमो द्यायला येईल तेव्हा त्याच्या नमुन्याच्या फाइलवर डेमो बघू नका. आपले सगळ्यात त्रासदायक वीस पार्ट त्याच्या हातात द्या: नंबर बदललेला, तीन प्रकारचं बेरिंग, किलोवर येणारा बोल्ट, किटमध्ये मोडणारा पंप, डॉलरमध्ये घेतलेली सील. हे वीस त्याला तुमच्यासमोर भरता आले पाहिजेत. मग तीन गोष्टी विचारा. माझा सगळा डेटा मला हवा तेव्हा फाइलमध्ये बाहेर काढता येईल का? टॅलीत बिलं आपोआप जातील की कुणी पुन्हा टाइप करणार? लाइट गेली किंवा इंटरनेट बंद पडलं तर स्कॅनर माल उचलल्याची नोंद धरून ठेवेल का? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक विक्रेते विषय बदलतात.

परदेशातून माल आणत असाल तर ‘लँडेड कॉस्ट’ची सोय बघून घ्या. भाडं, ड्युटी, क्लिअरिंगचा खर्च पार्टांवर वाटायचा असतो. भाडं वजनावर वाटा, ड्युटी ज्याची त्याला लावा. सगळं किमतीवर वाटलं तर हलक्या पण महाग सीलवर जड लोखंडाच्या भाड्याचा भार पडतो आणि तुम्ही ती विनाकारण महाग विकता.

मोजणी आणि मुहूर्त

नव्या सॉफ्टवेअरमध्ये पहिला साठा भरायचा तो मोजून. जुन्या रजिस्टरमधून उतरवायचा नाही. त्यासाठी गोदाम दोन-तीन दिवस बंद ठेवावं लागतं.

तारीख निवडताना कॅलेंडर बघा. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वज निघतात त्या दिवसांत निम्मी माणसं गोदामात नसतात, आणि असलेल्यांचं मन नसतं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो, त्या दिवशी आमचे अण्णा देवालाही सुट्टी मागणार नाहीत, सरळ घेतील. मार्च अखेर अकाउंटंटचा. मला ऑगस्टच्या शेवटाचा किंवा फेब्रुवारीचा पहिला आठवडा बरा वाटतो.

मोजताना दोन-दोन माणसांच्या जोड्या करा. रजिस्टरमधला आकडा त्यांना दाखवू नका. दाखवला की मोजणी त्या आकड्याला येऊन थांबते, हा मनुष्यस्वभाव आहे. प्रत्येक कप्पा दोन वेगळ्या जोड्यांनी मोजायचा, फरक आला तरच तिसऱ्यांदा. मोजलेल्या कप्प्यावर रंगीत चिठ्ठी. बिल झालेला पण गाडीत न चढलेला माल, आणि गाडीतून उतरलेला पण बिल न आलेला माल, या दोन ढिगांना वेगळी दोरी बांधून ठेवा. मोजणीतली बरीचशी भांडणं या दोन ढिगांतून उगवतात.

कधी मागवायचं

सॉफ्टवेअर ‘आता मागवा’ असं सांगतं ते एका साध्या हिशेबावर. उदाहरण घेऊ. एक ऑइल फिल्टर रोज सरासरी ३ जातात, माल यायला २० दिवस लागतात. म्हणजे वाट बघण्याच्या काळात ६० लागणार. पण कधी रोजचे ५ जातात आणि कधी गाडीला ३० दिवस लागतात. दोन्ही वाईट गोष्टी एकदम झाल्या तर १५० लागतील. मग १५० वजा ६०, म्हणजे ९० ही राखीव शिल्लक, आणि साठा १५० वर आला की मागणी नोंदवायची. ही रीत जरा भित्र्याची आहे, पैसे जास्त अडकतात. पण सुरुवातीला चालते, कारण ती गोदामातल्या माणसाला तोंडी समजावता येते.

माल यायला लागणारे दिवस मात्र पुरवठादाराच्या तोंडून घेऊ नका, गेल्या दहा खरेद्यांच्या तारखांवरून काढा. आणि ते बदलतात. नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपकडून येणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली आणि प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबला. ज्यांच्या सॉफ्टवेअरात जुनेच दिवस भरलेले राहिले, त्यांना ‘आता मागवा’चा इशारा मिळेपर्यंत कप्पे रिकामे झाले होते.

वर्षातून दोनदाच विकला जाणारा पार्ट या हिशेबात बसत नाही. सरासरी काढली तर रोजचा शून्य पूर्णांक काहीतरी येतो आणि त्याला अर्थ नसतो. क्रॉस्टन नावाच्या अभ्यासकानं १९७२ मध्ये यासाठी वेगळी रीत मांडली: मागणी किती दिवसांनी येते आणि आली की किती नगांची येते, यांचे अंदाज वेगवेगळे ठेवायचे. काही सॉफ्टवेअरात ती तयार मिळते. नसेल तर अशा पार्टांची यादी वेगळी काढून मालकासमोर ठेवा आणि विचारा, हा पार्ट नसल्यामुळं ग्राहकाचं यंत्र उभं राहतं का? राहत असेल तर एक-दोन नग ठेवायचे. नसेल तर ऑर्डर आल्यावर मागवायचा.

परदेशी पेटीचे कागद

नवखे सगळ्यात जास्त घाबरतात ते इथं. कामाच्या मानानं हा भाग सोपा आहे, कारण नियम लिहिलेले आहेत.

आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, कंपनीकडं असतोच. तो दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये ऑनलाइन तपासून कायम करावा लागतो, नाहीतर बंद पडतो. जीएसटी न भरता निर्यात करायची तर एलयूटी, म्हणजे त्यासाठीचं हमीपत्र, दर आर्थिक वर्षाला नवं भरायचं. या दोन तारखा सॉफ्टवेअरच्या आठवण यादीत पहिल्या दिवशी टाका. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर निर्यातीच्या बिलालाही ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागतं. ठरावीक किमतीवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद, आणि त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. इथून न्हावा शेवा बंदर साधारण ४०० किलोमीटर आहे, तेव्हा गाडी वाटेत बिघडली तर मुदतीकडं लक्ष ठेवा.

एचएसएन कोड, म्हणजे करासाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा, पार्टाच्या नोंदीतच भरून ठेवा, बिल करताना आठवत बसू नका. ‘ट्रॅक्टरचं सामान’ म्हणून सगळं ८७०८ मध्ये ढकलायची सवय दिसते. तसं नाही. इंजिनाच्या आतले पार्ट ८४०९, बेरिंग ८४८२, फिल्टर ८४२१, रबरी पट्टे ४०१०, नट-बोल्ट ७३१८. लूमचे पार्ट असतील तर ८४४८. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे दोन आपल्या देशाचे. चुकीच्या कोडचा त्रास तिकडं ग्राहकाला ड्युटी भरताना होतो, आणि तो पुढच्या ऑर्डरला तुमच्याकडं येत नाही. रोडटेपचा, म्हणजे निर्यात मालावरचे कर परत देणाऱ्या सरकारी योजनेचा, परतावा घ्यायचा असेल तर तसं शिपिंग बिलातच, म्हणजे कस्टम्सकडं भरायच्या निर्यातीच्या कागदातच, लिहावं लागतं. हे काम कस्टम्स एजंट करतो, पण त्याला जाणारी माहिती तुमच्या सॉफ्टवेअरमधून जाते.

दर कुठल्या अटीवर दिलाय, तेही प्रत्येक ऑर्डरवर नोंदवा. इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय नियमांत अशा ११ अटी आहेत. एफओबी न्हावा शेवा म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची जबाबदारी आणि खर्च आपला, पुढचा ग्राहकाचा. सीआयएफ असेल तर समुद्राचं भाडं आणि विमाही आपणच भरायचा.

वजन आणि माप प्रत्येक पार्टाला भरा, कंटाळा आला तरी. विमानानं जाणाऱ्या पेटीचं भाडं खऱ्या वजनावर किंवा आकाराच्या वजनावर, जे जास्त असेल त्यावर लागतं. ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरचा खोका म्हणजे ९६ हजार घनसेंटिमीटर. विमान कंपनी ६००० नं भागते, १६ किलो येतात. कुरियरवाले बहुधा ५००० नं भागतात, मग १९.२. आत एअर फिल्टर भरले असतील तर काट्यावर खोका सात किलोचा असेल, पैसे सोळाचे. दर सांगायच्या आधी हे सॉफ्टवेअरनं सांगायला हवं. लाकडी पेटी असेल तर तिच्यावर आयएसपीएम-१५ चा शिक्का हवा, म्हणजे लाकडातली कीड मारायची मान्य प्रक्रिया झालेली असली पाहिजे; नेहमीची रीत म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवणं. शिक्का नसेल तर तिकडच्या बंदरावर अडवतात. गावातल्या सुताराकडून घाईत पेटी ठोकून घ्यायचा मोह होतो, म्हणून पॅकिंगच्या (खोक्यावाल्या) स्क्रीनवर हा प्रश्न सक्तीचा ठेवा.

पहिले तीन महिने

सुरू केल्यावर रोज संध्याकाळी एकच रिपोर्ट बघा: वजा शिल्लक. ज्या पार्टाचा साठा उणे दाखवतोय, तो सॉफ्टवेअरच्या मते नसतानाही विकला गेला. कारण बहुधा साधं असतं. माल आला, गाडी घाईत होती, आवक नोंदवायच्या आधीच अर्धा माल निघून गेला. उणे आकडा दिसला की त्याच दिवशी त्या कप्प्यापर्यंत चालत जा. दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

शिवाय रोज वीस कप्पे मोजा, जास्त खपाचे महिन्यातून एकदा येतील अशा बेतानं. बाकीचे रंगीत आलेख, डॅशबोर्ड वगैरे सहा महिने मालकाला दाखवू नका. त्याला ते फार आवडतात आणि मग तुमचं मोजायचं काम राहतं.

प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या. अख्खं गोदाम एकाच नावानं आत शिरतं तेव्हा चूक कुणाची हे कळत नाही, आणि मग ती सिस्टिमची ठरते.

आणि जुनी वही हिसकावून घेऊ नका. आमच्याकडं अण्णांची लाल कापडाची वही सॉफ्टवेअरच्या बरोबरीनं चालू होती. दर आठवड्याला आम्ही दोघं बसून तिची काही पानं स्क्रीनशी ताडून बघायचो. पहिल्या महिन्यात बहुतेक वेळा वहीच बरोबर निघायची, आणि ते मला ऐकवायची संधी अण्णा सोडत नसत. तिसऱ्या महिन्यात कधीतरी त्यांनी वहीत आवक लिहिणं थांबवलं, कुणाला न सांगता. आता तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर ते गाडीवाल्यांचे फोन नंबर लिहून ठेवतात.